वडीवरचे नाव आणि गोदामातला पैसा : युनिलिव्हरच्या धंद्याविषयी एका वितरकाचे उत्तर

नागपूरच्या महाल भागातल्या एका किराणा दुकानदाराच्या मुलाने मला प्रश्न विचारला आहे. त्याचे वाणिज्य शाखेचे शिक्षण पूर्ण झाले असून वडिलांच्या गल्ल्यावर बसण्याऐवजी एखाद्या मोठ्या कंपनीची एजन्सी घ्यावी असे त्याच्या मनात आहे. त्याआधी त्याला तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. हिंदुस्तान युनिलिव्हर ही कंपनी परकी की आपली? ती एवढी मोठी कशी झाली? आणि ज्या साबणाच्या वडीवर त्याच्या वडिलांना जेमतेम रुपया सुटतो, त्याच वडीवर कंपनी वर्षाला दहा हजार कोटींच्या आसपास नफा कशी काढते?

माझी भूमिका आधी सांगतो, म्हणजे उत्तर कोणत्या बाजूने दिले जात आहे हे कळेल. मी एकतीस वर्षे नागपुरात ग्राहकोपयोगी मालाचे वितरण केले. आता गाळ्यावर मुलगा बसतो. युनिलिव्हरची एजन्सी माझ्याकडे कधीच नव्हती. तिच्याशी टक्कर घेणाऱ्या, आकाराने लहान अशा तीन कंपन्यांचा माल मी शहरालगतच्या वाडीतल्या गोदामातून शहरात आणि कामठी, सावनेर, काटोल, उमरेडच्या लाइनवर पोचवत असे. त्यामुळे या कंपनीकडे मी समोरच्या बाकावरून पाहिले आहे, आणि ज्याच्याशी रोज झुंजावे लागते त्याच्या सवयी माणसाला चांगल्या पाठ होतात.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येते आणि बाकी सगळा इतिहास त्याच वाक्यात बसतो. तुमच्या वडिलांच्या दुकानात आलेला ग्राहक ‘साबण द्या’ असे न म्हणता साबणाचे नाव घेतो, आणि ज्याचे नाव घेतले जाते त्याच्याकडे नफा जातो.

हे पटायला माझ्या लहानपणीचे एक दृश्य सांगतो. माझ्या मामांचे किराणा दुकान नागपूरच्या इतवारी बाजारात होते. धुण्याच्या साबणाचे हातभर लांब बार तेव्हा खोक्यातून येत. मामा फळीवर बार ठेवत, दोन्ही टोकांना लाकडी मुठी असलेली तार वरून दाबत आणि गिऱ्हाइकाला हवा तेवढा तुकडा कापून रद्दीच्या कागदात गुंडाळून देत. कोणत्या कारखान्याचा बार आणायचा हे मामा ठरवत. एखादा बार लवकर झिजला, हाताला झोंबला, तर बायका मामांनाच बोलत, कारखानदाराला नव्हे. शिव्याही मामांच्या आणि विश्वासही मामांचा. मालावर सुटणारा पैसाही अर्थात मामांचाच मोठा होता, कारण चार कारखान्यांचे एजंट त्यांच्या पायरीवर येऊन बसत.

इंग्लंडमधल्या बोल्टन गावच्या एका घाऊक किराणा व्यापाऱ्याच्या मुलाने हेच दृश्य पाहिले होते. विल्यम हेस्केथ लिव्हर, जन्म १८५१. वडिलांच्या दुकानात त्याच्या वाट्याला लहानपणी साबण कापून गुंडाळण्याचे काम होते. १८८४ मध्ये त्याने ‘सनलाइट’ हे नाव नोंदवले आणि पुढच्या वर्षी भाऊ जेम्स याच्यासह लिव्हर ब्रदर्सची स्थापना केली. साबणाचा शोध त्याने लावलेला नव्हता. सुरुवातीला तर तो दुसऱ्यांकडून बनवून घेत असे. त्याने केले ते एवढेच की साबण कारखान्यातच एकसारखा कापला, चांगल्या कागदात बांधला, त्यावर नाव छापले आणि त्या नावाची जाहिरात इतक्या जोरात केली की गृहिणी दुकानात येऊन नाव घेऊन मागू लागल्या. तार आणि फळी दुकानदाराच्या हातातून गेली. माल चांगला की वाईट हे ठरवण्याचा दुकानदाराचा अधिकारही तिच्याबरोबर गेला, मात्र ही दुसरी गोष्ट त्या काळच्या दुकानदारांच्या फार उशिरा लक्षात आली असावी, कारण सुरुवातीला त्यांना कापाकापीचा त्रास वाचल्याचा आनंदच झाला असणार.

लिव्हरने १८८८ मध्ये लिव्हरपूलजवळ पोर्ट सनलाइट नावाची कामगारांची वसाहत बांधायला घेतली. घरे, बागा, शाळा, पुढे कलादालनही. याच माणसाने १९११ मध्ये बेल्जियन काँगोत पाम तेलासाठी प्रचंड सवलती मिळवल्या आणि तिथे स्थानिक लोकांकडून सक्तीने मजुरी करून घेतली गेली, हेही इतिहासात नोंदलेले आहे. कंपनीच्या चकचकीत पुस्तिकांत पहिली गोष्ट ठळकपणे छापलेली असते. दोन्ही एकाच वडीच्या दोन बाजू आहेत : साबणाला तेल लागते, आणि तेल जिथून येते तिथली माणसे वडीवर दिसत नाहीत.

तेलाचा हाच धागा पुढे ‘युनिलिव्हर’ या नावापर्यंत जातो. नेदरलँड्समधल्या ओस गावात युर्गेन्स आणि व्हान डेन बर्ग ही लोण्याचा व्यापार करणारी दोन घराणी होती. त्यांनी मार्गारिन, म्हणजे कृत्रिम लोणी, बनवायला घेतले आणि अनेक वर्षांच्या वैरानंतर १९२७ मध्ये एकत्र येऊन ‘मार्गारिन युनी’ स्थापन केली. मार्गारिनला जी तेले आणि चरबी लागे तीच साबणाला लागे. एकाच कच्च्या मालासाठी बोली लावून एकमेकांचा भाव चढवण्यापेक्षा एक होणे शहाणपणाचे, असा विचार करून २ सप्टेंबर १९२९ रोजी करार झाला आणि १ जानेवारी १९३० पासून युनिलिव्हर अस्तित्वात आली. लंडन आणि रॉटरडॅम अशा दोन मुख्यालयांचा तो विचित्र संसार थेट नोव्हेंबर २०२० पर्यंत चालला. आता लंडनची एकच मूळ कंपनी आहे.

आता भारत. १८८८ च्या उन्हाळ्यात कोलकात्याच्या बंदरात सनलाइटची खोकी उतरली. १८९५ मध्ये लाइफबॉय आला, त्यामागून पिअर्स आणि लक्स. कारखाने मात्र विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकानंतरच निघाले, आणि तेही स्वखुशीने निघाले असे मला वाटत नाही. स्वदेशीची हवा होती. आर्देशीर गोदरेज यांनी प्राण्यांची चरबी न वापरता वनस्पती तेलाचा ‘चावी’ छाप साबण १९१८ च्या सुमारास बाजारात आणला होता, आणि सोवळेओवळे पाळणाऱ्या घरांत या एका मुद्द्याचे वजन किती असेल हे आपल्याकडच्या माणसाला सांगायला नको. १९३१ मध्ये हिंदुस्तान वनस्पती मॅन्युफॅक्चरिंग कंपनी, १९३३ मध्ये लिव्हर ब्रदर्स इंडिया आणि १९३५ मध्ये युनायटेड ट्रेडर्स अशा तीन कंपन्या निघाल्या. मुंबईत शिवडीला कारखाना उभा राहिला.

या काळातली सर्वांत मोठी चाल साबणाची नाही, डालड्याची आहे. १९३७ मध्ये हे नाव आले. साजूक तूप परवडत नाही आणि तेलात केलेले पक्वान्न पाहुण्यांपुढे ठेववत नाही, अशा मधल्या माणसाची अडचण कंपनीने ओळखली आणि तुपासारखे दिसणारे, रवाळ, घट्ट असे काहीतरी पिवळ्या डब्यात भरून दिले. शिवाय तो डबा! आतले वनस्पती तूप संपल्यावर त्यात धान्य राही, पाणी तापे आणि अखेर बुडाला भोक पाडून तुळस लागे. नागपुरातल्या कितीतरी अंगणांत तो डबा मी पाहिला आहे. जाहिरातीची पाटी भाडे न देता वीस वर्षे दारात उभी राहावी, यापेक्षा धंदेवाल्याला आणखी काय हवे? कोणत्याही कंपनीच्या वनस्पतीला लोक डालडाच म्हणू लागले. हे नाव कंपनीने २००३ मध्ये बंगे या दुसऱ्या कंपनीला विकले, पण आपल्या बोलण्यातून ते गेलेले नाही.

नोव्हेंबर १९५६ मध्ये तिन्ही कंपन्या एक होऊन हिंदुस्तान लिव्हर झाली आणि दहा टक्के भांडवल भारतीय जनतेला देऊ केले गेले. १९६१ मध्ये प्रकाश टंडन पहिले भारतीय अध्यक्ष झाले. परकी की आपली, या तुमच्या प्रश्नाचा कस लागला तो मात्र १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्यात, ज्याला सगळे फेरा म्हणत. परकी हिस्सा चाळीस टक्क्यांवर आणा, असा सरकारचा आग्रह होता. कोकाकोला आणि आयबीएम १९७७-७८ मध्ये गाशा गुंडाळून गेल्या. हिंदुस्तान लिव्हर गेली नाही आणि चाळीसवरही आली नाही. ज्या क्षेत्रांना सरकार महत्त्वाचे मानत होते त्या रसायनांच्या आणि प्रगत तंत्रज्ञानाच्या उत्पादनात तिने पैसा घातला, हल्दियाला रसायनांचा कारखाना काढला, निर्यात वाढवली आणि या जोरावर एकावन्न टक्के हिस्सा राखण्याची परवानगी मिळवली. साबणवाल्याने साबण वाचवण्यासाठी रसायने केली आणि कायद्याशी भांडत बसण्याऐवजी कायद्यातली वाट शोधली. या बाबतीत मी त्यांना मनापासून मानतो.

आज मूळ कंपनीचा हिस्सा सुमारे ६१.९ टक्के आहे आणि उरलेला बाजारात आहे. तुमच्या घरातल्या एखाद्या म्युच्युअल फंडातही तो असेल. २००७ मध्ये नाव बदलून हिंदुस्तान युनिलिव्हर झाले. लाभांशाबरोबर नावे आणि तंत्रज्ञान वापरल्याबद्दल रॉयल्टीही लंडनला जाते. ती २०१३ पूर्वी उलाढालीच्या १.४ टक्के होती, ती टप्प्याटप्प्याने ३.१५ टक्क्यांपर्यंत नेण्याचे तेव्हा ठरले आणि २०२३ मध्ये टप्प्याटप्प्याने ३.४५ टक्के करण्याचे ठरले. दुसरीकडे आपल्या विदर्भातच, खामगावला, तिचा कारखाना आहे आणि तिथे आपली माणसे काम करतात. तेव्हा परकी की आपली याचे उत्तर हवे असेल तर मालकी परकी, माल इथला, माणसे इथली आणि नावाचे भाडे बाहेर जाणारे, असे तुकड्यातुकड्यांनीच द्यावे लागते. नाव किती मोलाचे असते ते या भाड्यावरून कळावे.

कंपनी कधीच चुकली नाही असे समजू नका. १९५९ मध्ये सर्फ आली तेव्हा तिने धुण्याच्या पावडरीची ओळखच करून दिली. आजही आपल्याकडे ‘निरम्याचा सर्फ द्या’ अशी मागणी होते आणि कोणाला त्यात विनोद वाटत नाही. पण १९६९ मध्ये अहमदाबादेत करसनभाई पटेल नावाच्या रसायनशास्त्र जाणणाऱ्या सरकारी नोकराने घरी निरमा पावडर बनवून सायकलवरून दारोदार विकायला सुरुवात केली. किंमत सर्फच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याच्या आसपास. मुंबईच्या कचेरीतल्या लोकांनी बरीच वर्षे तिच्याकडे पाहिलेच नाही. ती आपल्या गिऱ्हाइकाची वस्तू नव्हे, अशी त्यांची समजूत होती. मी धंद्यात आलो तेव्हाही इतवारीतल्या जुन्या व्यापाऱ्यांच्या बोलण्यात तो काळ ताजा होता : निरम्याची पोती दुकानात उतरण्याआधी संपत आणि सर्फचा माणूस जाहिरातीतल्या ललिताजींचे पोस्टर लावून निघून जाई.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस कंपनीने व्हील आणले, आणि माझ्या मते या कंपनीचा आजचा धंदा तिथून सुरू होतो. पावडरीचे सूत्र नवीन होते हे खरे, पण त्याहून मोठी गोष्ट अशी की तिने हिशेबाची दिशा उलटी केली. पूर्वी माल बनवण्याचा खर्च काढून त्यावर नफा चढवून किंमत ठरे. आता गिऱ्हाईक किती देईल ते आधी ठरवले आणि त्यात बसेल असा खर्च मागे मागे जात कापला. स्वतःच्या महागड्या कारखान्यांऐवजी ठिकठिकाणच्या लहान कारखानदारांकडून पावडर बनवून घेतली, वाहतूक कमी केली. तुमच्या दुकानातल्या पाच आणि दहा रुपयांच्या प्रत्येक वस्तूमागे आज हाच उलटा हिशेब आहे. पाम तेल महागले की दहा रुपयांची वडी अकराची होत नाही. छापील किंमत तीच राहते आणि वजन कमी होते. वेष्टनावर वजन लिहिलेले असतेच, पण ते वाचणारा ग्राहक मी शंभरात दोनच पाहिले. एवढे जाता जाता सांगतो की वेष्टनावर ‘टॉयलेट सोप’ लिहिले आहे की ‘बेदिंग बार’ हेही पाहत जा. पहिल्यात स्निग्धांशाचे प्रमाण प्रतीनुसार किमान ६०, ७० किंवा ७६ टक्के असावे लागते, दुसऱ्यात त्याहून कमी चालते.

शाम्पूच्या पुडीचे श्रेय मात्र या कंपनीचे नाही. ती तमिळनाडूतल्या कडलूरच्या एका लहान उद्योजक घराण्याची कल्पना. चिक शाम्पू त्यातूनच पुढे आला. मोठ्यांनी ती उचलली. छताला टांगलेल्या पुड्यांच्या लडीने खेड्यातल्या दुकानाचे रूपच बदलले, कारण लडीला फळीवर जागा लागत नाही आणि मजुरीच्या दिवशी दोन पुड्या घेणारे गिऱ्हाईक बाटली कधीच घेणार नव्हते. विक्री खेड्यात नेण्यासाठी कंपनीने २००१ च्या सुमारास तेव्हाच्या आंध्रातल्या नलगोंडा जिल्ह्यातून ‘शक्ती’ योजना सुरू केली, जिच्यात बचत गटातल्या बायका घरोघर माल विकतात.

खरेदीचा सपाटाही याच काळातला. उदारीकरण झाल्याबरोबर १९९३ मध्ये टाटा ऑइल मिल्स, म्हणजे टॉम्को, हिंदुस्तान लिव्हरमध्ये विलीन झाली आणि हमाम, ५०१ ही नावे तिच्याकडे आली. ज्या टाटांनी १८७७ मध्ये आपल्या नागपुरात एम्प्रेस मिल काढून मोठ्या उद्योगाची सुरुवात केली, त्यांनीच साबणाच्या धंद्यातून बाहेर पडावे, याची इतवारीत तेव्हा बरीच चर्चा झाली होती. किसान, लॅक्मे, सरकारची मॉडर्न ब्रेड आणि अगदी अलीकडे, २०२० मध्ये, हॉर्लिक्स. प्रत्येक वेळी यंत्रे आणि इमारतींपेक्षा नाव विकत घेतले गेले. लाइनवर मात्र त्याचा परिणाम वेगळाच दिसे. कालपर्यंत माझ्यासारखाच धडपडणारा टॉम्कोचा सेल्समन उद्यापासून मोठ्या पिशवीतला एक कागद होई, आणि दुकानदाराची उधारी आधी कोणाची फिटते हे त्या पिशवीच्या जाडीवर ठरत असे.

आता तुमच्या उपयोगाचा भाग : पैसा फिरतो कसा.

कारखान्यातून माल कंपनीच्या डेपोत येतो. जीएसटीनंतर, म्हणजे १ जुलै २०१७ नंतर, राज्याराज्यांच्या सीमेवरचे अडथळे गेले आणि देशाच्या मध्यावर असल्यामुळे नागपूर गोदामांसाठी सोयीचे ठरले. वाडी आणि बुटीबोरीच्या रस्त्याने गेलात तर पत्र्यांचे डोंगर दिसतील. डेपोतून माल वितरकाकडे येतो. इथे नीट लक्ष द्या. वितरकाच्या खात्यातून पैसे माल निघतानाच किंवा फार तर चार-सहा दिवसांत जातात. कंपनी मात्र ज्यांच्याकडून तेल, कागद, खोकी घेते त्यांना सावकाश देते. परिणामी या धंद्यात बसलेल्या मोठ्या कंपन्यांना चालू भांडवल जवळजवळ लागतच नाही; वडी अजून तुमच्या फळीवर धूळ खात असते तेव्हा कंपनीचे पैसे तिला मिळून चुकलेले असतात. मधल्या काळात ती वडी कोणाच्या पैशावर उभी असते? आधी वितरकाच्या, मग तुमच्या वडिलांच्या.

समजा, तुम्ही महिन्याला पन्नास लाखांचा माल विकणारी एजन्सी घेतली आणि मार्जिन पाच टक्के धरले. अडीच लाख हातात आले. त्यातून सेल्समन, दोन गाड्या, हमाली, गोदामाचे भाडे, संगणकावरचा मुलगा, वीज आणि फुटतूट असे एक लाख साठ हजार गेले. उरले नव्वद हजार. आता अडकलेला पैसा मोजा : गोदामात पंधरा दिवसांचा माल, म्हणजे पंचवीस लाख, बाजारात पंधरा दिवसांची उधारी, पुन्हा पंचवीस लाख, कंपनीकडून यायचे क्लेम, म्हणजे सवलतींची आणि खराब मालाची भरपाई, पाच लाख. पंचावन्न लाखांवर वर्षाला दहा लाख ऐंशी हजार, म्हणजे वीस टक्क्यांना थोडे कमी, आणि बँकेचे व्याज अजून द्यायचेच आहे. हे चित्र वाईट नाही. पण उधारी पंधरावरून तीस दिवसांवर गेली की अडकलेला पैसा ऐंशी लाखांवर जातो आणि परतावा साडेतेरा टक्क्यांवर घसरतो. विक्री तेवढीच, मेहनत तेवढीच. नागपुरात पोळा, मारबत, नवरात्र आणि दिवाळी लागोपाठ आली की उधारी लांबतेच, आणि दुकानदाराला ‘नाही’ म्हणणारा वितरक पुढच्या फेरीत दारातच उभा राहतो.

वाडीतल्या पत्र्याच्या गोदामात मे महिन्यात दुपारी दोन वाजता उभे राहून पाहा. बाहेर पंचेचाळीस अंश असताना आत खोबरेल तेलाच्या झाकणातून थेंब बाहेर येतो, तो खोक्याचा तळ मऊ करतो आणि वरच्या पाच खोक्यांचा भार न सोसून ती रास रात्रीतून कलते. साबणाच्या वेष्टनावर तेलकट डाग पडतात. साबणाला काही झालेले नसते, पण दुकानदार तो घेत नाही. ‘भाऊ, हा तं जुना माल दिसून राह्यला’ असे म्हणून परत करतो. या डागाचा क्लेम मंजूर होत नाही, कारण मुंबईतल्या माणसाच्या नकाशावर नागपूरचा उन्हाळा नसतो. आम्ही खोकी जमिनीवर न ठेवता लाकडी फळ्यांवर आणि पाचाऐवजी तीनच्या थरात लावायला शिकलो. जागा जास्त लागली, भाडे वाढले, ते आमच्याच माथी.

माझा स्वतःचा सर्वांत मोठा फटका मात्र उन्हाने दिलेला नाही. एका कंपनीच्या अधिकाऱ्याने मार्चअखेरीला आपले टारगेट पुरे करण्यासाठी माझ्या गोदामात दोन महिने पुरेल एवढा क्रीमचा माल उतरवला, आणि तोही हिवाळ्याचा माल, उन्हाळ्याच्या तोंडावर. ‘स्कीम देतो, फरक क्लेममध्ये घाला’ हे त्याचे शब्द तोंडी होते. जूनमध्ये त्याची बदली झाली. नव्या अधिकाऱ्याने कागद मागितला, आणि कागद नव्हता. मालाची मुदत संपत आली तशी मी तो पडत्या भावात काढला आणि उरलेला क्लेम निम्म्यावर तोडून मिळायला चौदा महिने लागले. चूक अर्धी माझीच होती. कागदाशिवाय एक खोके उतरवून घ्यायचे नाही, हा नियम मी त्यानंतर केला आणि त्यापायी दोन अधिकाऱ्यांशी वाईटपणाही घेतला.

अलीकडे दोन गोष्टींनी हा धंदा हलवला आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून अंगाच्या साबणाच्या वड्या, शाम्पू, केसांचे तेल आणि टूथपेस्टवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला. ग्राहकाचे भलेच झाले, पण जुन्या किमतीचा छापील माल गोदामात पडलेला, दुकानदार नवा भाव येईपर्यंत खरेदीच बंद ठेवून बसलेला आणि १८ टक्क्यांनी भरलेला कर पाच टक्क्यांच्या विक्रीत फिटायला महिने लागणारे; त्या तीन आठवड्यांत माझ्या मुलाने जेवढे फोन केले तेवढे मी एका वर्षात केले नसतील. दुसरी गोष्ट म्हणजे मोबाइलवरची खरेदी आणि मोठी दुकाने. वितरकाला ज्या भावात माल मिळतो त्याच्या आसपास तो ऑनलाइन घाऊकवाले दुकानदाराला देऊ लागले, तेव्हा २०२१ च्या अखेरीस देशातल्या वितरकांच्या महासंघाने समान किमतीची मागणी करून १ जानेवारी २०२२ पासून असहकाराचा इशारा दिला होता. चर्चा झाल्या, काही बदलही झाले. दुकानदाराकडून थेट ऑर्डर घेणारी अॅप आज बहुतेक कंपन्यांकडे आहेत. युनिलिव्हरच्या अॅपचे नाव ‘शिखर’. पूर्वी सेल्समनच्या डोक्यात असलेली माहिती, म्हणजे कोणत्या दुकानात काय खपते आणि कोणाची उधारी कधी फिटते, आता कंपनीच्या संगणकात जाते. मामांच्या हातातून तार गेली होती. आमच्या हातातून वही जात आहे.

म्हणून एजन्सी घेऊ नका असे मी म्हणत नाही. नाव मोठे असेल तर मार्जिन बारीक पण माल फिरता, नाव लहान असेल तर मार्जिन जाड पण माल पडून, एवढा फरक समजून घ्या. लहान नाव मोठे होताना त्याच्याबरोबर असणे हा तिसरा मार्ग आहे आणि आपल्या शहराला तो परका नाही. १९५२ मध्ये व्हिको सुरू करणारे केशव विष्णू पेंढरकर मूळचे नागपुरातले किराणा व्यापारी होते, आणि १९३२ पासूनच्या दिनशॉ आइस्क्रीमने मोठमोठ्या नावांना इथे सहज पाय रोवू दिलेले नाहीत. युनिलिव्हरने स्वतःचा आइस्क्रीमचा धंदा वेगळा काढायचे २०२४ मध्ये ठरवले, त्यामागेही एक साधी गोष्ट आहे : साबणाच्या गाडीतून आइस्क्रीम नेता येत नाही. त्याची थंड साखळी वेगळी, हंगाम वेगळा आणि विकण्याची रीतही वेगळी.

कोणत्याही कंपनीचा माणूस करारपत्र घेऊन आला की त्याच्या सादरीकरणाला बसण्याआधी त्या भागातला आधीचा वितरक कोण होता ते विचारा आणि त्याच्याकडे जा. चहा घ्या, धंद्याच्या गप्पा मारा, आणि मग त्याची क्लेमची फाइल दाखवायला सांगा. त्यातला सर्वांत जुना न मिटलेला क्लेम किती महिन्यांचा आहे तेवढे पाहून या आणि मला कळवा. करारावर सही करायची की नाही हे मग आपण दोघे मिळून पाहू.